दमट हवामान: कारणे द्या

मराठी शाळांच्या भूगोलात एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसला होता. ‘मुंबईत सुती कापड गिरण्यांचा विकास झाला. कारणे द्या.’ बंदर, कापूस पिकवणारा मुलूख, भांडवल, रेल्वे, यांतलं एखादं कारण परीक्षेच्या घाईत राहून गेलं तरी चालायचं. पण ‘दमट हवामान’ लिहायला कोणी विसरत नसे. दमट हवेत सूत तुटत नाही, हे वाक्य आयुष्यात कधी कापसाचं बोंड न पाहिलेल्या मुलांनीही पाठ केलं आणि गुण मिळवले. त्यातलेच काही जण आज अंधेरीला, बोरिवलीला, मुलुंडला, घाटकोपरला राहतात, गृहकर्जाचे हप्ते भरतात आणि घरात बाळ आलं की पहिल्या पंधरवड्यात हवा दमट करणारं यंत्र मागवतात.

यंत्र लहानसं असतं, तांब्याएवढं. कोणाचं चंद्राच्या आकाराचं, कोणाचं मांजरीच्या, कोणाचं नुसतंच पांढरं आणि गंभीर. त्यात पाणी भरायचं, मोबाइलच्या चार्जरला जोडायचं, बटण दाबायचं. डोक्यातून बारीक धुकं निघू लागतं आणि पोटात सात रंगांचा दिवा आळीपाळीनं लागतो. बाळ त्याच्याकडे पाहत नाही, कारण त्या वयात त्याला हातभर अंतरापलीकडचं फारसं स्पष्ट दिसतच नाही. पाहतात ते मोठे.

आता हे यंत्र लावलं जातं कुठे, तर मुंबईत. हवामान खात्याच्या इथे दोन प्रमुख वेधशाळा आहेत, कुलाबा आणि सांताक्रूझ. उपनगरांच्या नावावर जे काही तापमान, पाऊस आणि आर्द्रता जाहीर होते, ती सांताक्रूझची. जुलै-ऑगस्टात तिथली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली उतरायला सहसा तयार नसते आणि मुसळधार पावसात ९० च्या पुढे जाते. याच सांताक्रूझनं २६ जुलै २००५ ला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. या शहरात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात. पापड सादळतात, काडेपेटी रुसते, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी लव उगवते, भिंतीचे पोपडे भारताच्या नकाशाचे वेगवेगळे आकार घेतात. चर्चगेटहून बोरिवली फास्टनं आलेला बाप दारात उभा राहतो तेव्हा त्याचा शर्ट पिळला, तर यंत्राची टाकी भरेल. तरीही आत गेल्यावर तो हातपाय धुतो आणि पहिला प्रश्न विचारतो, “ह्युमिडिफायर चालू आहे ना?”

बाळाची खोली हा शब्दही उपनगरात जरा उदार मनानं वापरावा लागतो. वन बीएचकेत ती खोली म्हणजे आई-बाबांची खोली, तीत पाळणा आल्यावर उरलेली. पलंगाच्या पेटीत लग्नातली भांडी, वरच्या माळ्यावर २०१८ ची बंदी आल्यापासून न काढलेलं थर्माकोलचं मखर, दारामागे आजोबांची छत्री आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये तुळस. या दहा बाय दहाच्या जागेत पाळणा, एसी, हवा शुद्ध करणारं यंत्र, बाळावर नजर ठेवणारा कॅमेरा, बाटल्या निर्जंतुक करणारं भांडं आणि हा धुकं सोडणारा चंद्र असं सगळं बसवायचं असतं. सहा पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड ही त्या खोलीतली सर्वांत कष्टाळू वस्तू.

हे यंत्र मुळात कुठलं, हे पाहिलं की त्याच्यावर रागावता येत नाही. अमेरिकेच्या उत्तर भागात, जिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली दहा अंशांवर जातो, तिथल्या बाहेरच्या हवेच्या एका घनमीटरमध्ये जेमतेम दोन ग्रॅम पाणी मावतं. तीच हवा घरात घेऊन हीटरनं २२ अंशांपर्यंत तापवली की तिची पाणी धरण्याची ताकद एकोणीस ग्रॅमच्या वर जाते, पण पाणी मात्र तेच दोन ग्रॅम. म्हणजे आर्द्रता उरली दहा-बारा टक्के. अशा खोलीत ओठ फाटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. लेकीच्या बाळंतपणासाठी डिसेंबरात तिकडे गेलेल्या मुलुंडच्या आजींनी तिथे ह्युमिडिफायर पाहिला, तो बाळाला मानवताना पाहिला आणि परत येताना धाकट्या सुनेसाठी एक बॅगेत घालून आणला. त्यांच्या निरीक्षणात चूक काही नव्हती. फक्त मधल्या प्रवासात हवा बदलली होती, आणि ती कस्टमवाल्यांनाही दिसत नाही.

एवढं लांब जायचीही गरज नाही. नागपूरकरांना विचारावं. मे महिन्यात दुपारी ४५ अंश आणि आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास असताना विदर्भातलं प्रत्येक घर खिडकीत कूलर बसवतं. ओल्या वाळ्यातून किंवा लाकडाच्या तुसांतून वारा खेचायचा, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते, खोली गार होते आणि दमटही. म्हणजे विदर्भात ह्युमिडिफायर आहेच, पिढ्यान्‌पिढ्या आहे, फक्त त्याला पत्र्याचं अंग आहे, पंप आहे आणि तो ट्रॅक्टरच्या सुरात बोलतो. नागपूरची मुलगी लग्न होऊन घाटकोपरला येते तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात तिला कळतं की इथे कूलर लावला तर फक्त घाम फिरवून मिळतो. हवा आधीच पोटभर प्यायलेली असते. तिला आणखी पाणी पाजता येत नाही. हे ज्ञान नागपूरच्या मुलीला असतं. सासरच्यांना नसतं, कारण त्यांनी भूगोल नुसता पाठ केलेला असतो.

किती पाणी पाजता येतं, याचा हिशेब कागदावर सहज मांडता येतो. दहा बाय दहा फुटांची, नऊ फूट उंचीची खोली म्हणजे साधारण साडेपंचवीस घनमीटर हवा. २८ अंशांना ती हवा काठोकाठ भरली तर तीत सातशे ग्रॅमच्या आसपास पाणी मावतं. जुलैत ८५ टक्के आर्द्रता असेल तर त्यातलं पाचशे नव्वद ग्रॅम समुद्रानं आधीच भरून ठेवलेलं असतं. शिल्लक जागा शंभर ग्रॅमची, म्हणजे अर्ध्या पेल्याची. त्यापुढचं सगळं भिंतीवर, गादीवर आणि आरशावर बसणार.

आणि ही अर्ध्या पेल्याची जागा भरायला यंत्राची वाट पाहावी लागत नाही. निवांत बसलेला मोठा माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम पाणी हवेत सोडत असतो. चार्जरवर चालणारं लहान यंत्र तासाला तीस-चाळीस मिलिलिटर फवारतं. याचा सरळ अर्थ असा की बाळ बघायला आलेला एक नातेवाईक म्हणजे एक यंत्र, आणि थोडं वरच. दोन मावश्या आल्या, तासभर बसल्या, नाक कोणावर गेलं याचा निर्णय लागला की खोलीतली अर्ध्या पेल्याची जागा संपली. बारशाला वीस माणसं जमतात तेव्हा तासाला जवळपास लिटरभर पाणी हवेत जातं. काका तर जोरात हसतात, त्यांचं वेगळं मोजावं लागेल.

त्यात पावसाळी दुपटी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उपनगरातल्या बाळाच्या खोलीत पंख्याखाली एक नायलॉनची दोरी आडवी बांधलेली असतेच. तिच्यावर दुपटी, लंगोट, झबली, टोपडी आणि अधेमधे बाबांचा रुमाल. हातानं पिळलेल्या सुती दुपट्यात निम्म्या वजनाहून अधिक पाणी उरलेलं असतं. डझनभर दुपटी वाळली म्हणजे अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी त्याच खोलीच्या हवेत गेलं. हे काम दोरी गेली शंभर वर्षं बिनबोभाट करते आहे. तिला दिवा नाही, म्हणून तिचं नाव नाही.

मग यंत्र घेणाऱ्यांचं म्हणणं काय? त्यांचं म्हणणं एका शब्दाचं असतं: एसी. “एसीनं हवा कोरडी होते.” हे खरं आहे. किंबहुना एसीचा जन्मच त्यासाठी झाला. १९०२ साली विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्यानं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी पहिली आधुनिक वातानुकूलन यंत्रणा आखली, ती कामगारांना गारवा मिळावा म्हणून नव्हे. दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत, म्हणून. हवेतलं पाणी काढणं हे एसीचं मूळ काम. गारवा मिळाला तो पुढे सगळ्यांच्या लक्षात राहिला.

तर उपनगरातल्या त्या खोलीत रात्री दहाला एसी सुरू होतो. तो दारा-खिडक्यांच्या फटींतून येणारा वर्सोव्याचा समुद्र गोळा करतो आणि पाइपातून बाहेर टाकतो. दमट दिवसांत नळीखाली बादली ठेवली तर रात्रभरात त्यात कित्येक लिटर पाणी जमतं. बादली कोणी ठेवत नाही. ते पाणी खालच्या मजल्यावरच्या पत्र्यावर टपटपतं, तिथले काका सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतात, सेक्रेटरी ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ अशी नोटीस लिहितात. इकडे खोलीत हवा कोरडी झाली म्हणून ह्युमिडिफायर लावला जातो. तो पेलाभर पाणी हवेत सोडतो. एसी ते गोळा करतो. काकांच्या पत्र्यावर ते टपटपतं. पाणी ओंजळीओंजळीनं घरात आणायचं, विजेनं हवेत उडवायचं, विजेनंच परत पकडायचं आणि काकांच्या डोक्यावर सोडायचं, असं हे चक्र पहाटेपर्यंत चालतं. वीज कंपनी दोन्ही फेऱ्यांचे पैसे घेते.

एसीची खोली किती कोरडी होते, हेही कोणी मोजत नाही. २४-२५ अंशांवर लावलेल्या एसीच्या मुंबईतल्या खोलीत आर्द्रता साधारण पन्नास-साठ टक्क्यांपर्यंत उतरते. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था घरातली आर्द्रता ३० ते ५० टक्के असावी म्हणते. साठच्या वर गेली की ओल धरते, बुरशी आणि जिवाणू वाढतात, असंही सांगते. गादीतले डोळ्यांना न दिसणारे धुळीचे किडेही पन्नासच्या वर सुखानं नांदतात आणि ॲलर्जीला निमित्त होतात. म्हणजे बाळाची खोली एसीनं महत्प्रयासानं जिथे आणून ठेवली, तिथून तिला यंत्र परत जुलैकडे ढकलत असतं.

त्याच खोलीतल्या कपाटात, बाळाच्या जरीच्या कुंचीशेजारी, ओलावा शोषून घेणारे पांढऱ्या खड्यांचे डबे ठेवलेले असतात. महिन्याभरात डबा पाण्यानं भरतो, की ओतून नवा आणायचा. कपाटाच्या दाराच्या आत ओलावा हा शत्रू, बाहेर तोच पाहुणा.

खरी मौज मात्र हवा शुद्ध करणारं यंत्र आल्यावर सुरू होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या हवेवर एवढी ओरड झाली की महापालिकेनं बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढली आणि उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. पुनर्विकासाच्या खड्ड्यांमध्ये राहणाऱ्या उपनगरांनी तेव्हापासून हे दुसरं यंत्र आपलंसं केलं. त्याच्या पोटात हवेतले कण मोजणारा एक संवेदक असतो. त्याला कण दिसतात, कणाची जात दिसत नाही. शेजारच्या चंद्रानं धुकं सोडलं की हा समजतो खोलीत धूळ घुसली. त्याचा हिरवा दिवा लाल होतो, पंखा घोंघावू लागतो, बाळ दचकून उठतं, बाळाचे बाबा मोबाइलमध्ये आकडा पाहतात आणि म्हणतात, “अगं, हवा किती खराब आहे बघ! बरं झालं घेतलं.” मग खिडकीची उरलेली फटही बंद होते.

लाल दिवा अगदीच खोटं बोलत नसतो. ही लहान यंत्रं पाणी तापवत नाहीत. तळाशी एक चकती असते, ती वीज मिळाली की थरथरते, लहान यंत्रांत सेकंदाला लाखाच्या वर आणि मोठ्यांत सतरा लाखांच्या आसपास वेळा. माणसाच्या कानाला वीस हजारांपुढचं ऐकू येत नाही, म्हणून यंत्र शांत वाटतं. त्या थरथरीनं पाण्याचे बारीक तुषार उडतात. आणि तुषारांबरोबर पाण्यात जे असेल ते सगळं उडतं. क्षार असतील तर क्षार. तुषार वाळले की त्यांची पांढरी भुकटी टेबलावर बसते आणि काही श्वासातही जाते. मुंबईचं नळाचं पाणी यातल्या त्यात भलं, भातसा-तानसा-वैतरणेसारख्या तलावांचं. मुलुंडशेजारच्या भांडुप संकुलात शुद्ध होऊन येणारं, क्षार कमी असलेलं. पण टॉवरच्या बावीसाव्या मजल्यावर टँकरचं किंवा बोअरचं पाणी चढत असेल, तर आठवड्याभरात बाळाच्या पाळण्यावर पिठी साखर पेरल्यासारखं दिसू लागतं. यंत्राच्या कागदावर लिहिलेलं असतं, डिस्टिल्ड वॉटर वापरा. ते शोधत बाबा स्टेशनजवळच्या बॅटरीच्या दुकानात पोहोचतात आणि कॅन घेऊन घरी येतात. आजी कॅनवरचं गाडीचं चित्र पाहतात. त्यापुढचा संवाद इथे देण्याची गरज नाही.

आजींच्या बाजूनं मात्र कायदा होता. गिरण्यांच्या शहरात हवेत पाणी फवारणं ही नवी गोष्ट नव्हतीच. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला गिरणीची कंपनी काढली, १८५६ पासून तिथे सूत निघू लागलं, आणि भूगोलाच्या पुस्तकानं मुंबईची हवा कितीही दमट म्हटली तरी यंत्रांच्या उष्णतेनं तापलेल्या विणखात्यात ती पुरायची नाही. म्हणून छताखालून पाण्याचे बारीक फवारे सोडून हवा मुद्दाम ओली केली जाई. १९४८ च्या कारखाने अधिनियमात यासाठी कलम १५ स्वतंत्र होतं: हवा कृत्रिमरीत्या दमट करायची असेल तर त्यासाठीचं पाणी सार्वजनिक पुरवठ्याचं किंवा पिण्याचं असावं, नाहीतर ते नीट शुद्ध करून घ्यावं. शुद्ध नसेल तर निरीक्षक नोटीस बजावू शकत असे. गिरणीत निरीक्षक वर्षातून कधीतरी येत; उपनगरातल्या घरात निरीक्षक हॉलमध्ये दिवाणावरच बसलेल्या असतात.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्या एकामागून एक मिटल्या आणि गिरणगावातली कितीतरी कुटुंबं उपनगरांकडे सरकली. त्यामुळे बोरिवलीच्या एखाद्या घरात नातवाच्या पाळण्याशेजारचा तो धुकं सोडणारा चंद्र पाहून आजोबा जागच्या जागी थबकतात. विणखात्यात आठ आठ तास ओल्या हवेत उभं राहून ज्यांचा सदरा अंगाला चिकटायचा, त्यांना या खेळण्याचं नाव वेगळं सांगावं लागत नाही. “ते सुतासाठी होतं रे,” एवढंच ते मुलाला म्हणतात. मुलगा मोबाइलमध्ये यंत्राचे अभिप्राय वाचत असतो.

पाण्याशिवाय टाकीत काही घालू नये, ही मात्र विनोदाच्या बाहेरची गोष्ट. दक्षिण कोरियात १९९४ पासून ह्युमिडिफायरच्या टाकीत घालायचं जंतुनाशक दुकानांत मिळत होतं. टाकी स्वच्छ राहावी, बाळाला जंतू लागू नयेत, म्हणून आईवडील ते काळजीनं घालत. २०११ मध्ये उघड झालं की त्या द्रव्याचे तुषार फुप्फुसांची अपरिमित हानी करत होते. शेकडो माणसं दगावली, त्यांत लहान मुलं होती, गर्भवती आणि बाळंतिणी होत्या. पृष्ठभाग पुसायला चालणारं रसायन श्वासातून घेतलं की काय होतं, याचा धडा जग तिथे शिकलं. आपल्याकडे टाकीत जंतुनाशक घालायची प्रथा नाही, पण “दोन वड्या कापूर टाक, नाक मोकळं होईल” असं सांगणारे मजल्यागणिक भेटतात. कापरामुळे लहान मुलांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. निलगिरीचं तेलही तान्ह्यासाठी नको. टाकी रोज रिकामी करायची, पुसून कोरडी करायची, ताजं पाणी भरायचं. कालचं पाणी म्हणजे जिवाणूंची सोसायटी, आणि ते मीटिंगला वेळेवर येतात. पहिल्या आठवड्यात हे सगळं होतं. दुसऱ्या आठवड्यापासून आई-बाबांची स्वतःची अंघोळ टळू लागते, तिथे टाकीचं कोण बघतो?

डॉक्टरांचं मत विचारलं तर तेही फार उत्साह दाखवत नाहीत. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना गरम वाफेच्या यंत्रापेक्षा गार तुषारांचं यंत्र वापरा म्हणते, ते मुख्यतः भाजण्याच्या धोक्यामुळे. घसा सुजून येणाऱ्या, भुंकल्यासारख्या खोकल्यावर दमट हवेचा उपयोग होतो का, याचा कोक्रेन या संस्थेनं २००६ मध्ये आढावा घेतला, त्यात ठोस फायदा दिसला नाही. सर्दीवर गरम दमट हवेचा आढावा २०१७ मध्ये चंडीगडच्या पीजीआय संस्थेतल्या संशोधकांनी घेतला. तिथेही फायदा सिद्ध झाला नाही. बाळाचं नाक चोंदलं तर उपनगरातला बालरोगतज्ज्ञ सलाईनचे थेंब लिहून देतो, त्याची बाटली यंत्रापेक्षा कितीतरी स्वस्त असते. पण थेंब नाकात गेले की दिसेनासे होतात. धुकं रात्रभर दिसत राहतं.

इथेच या यंत्राच्या लोकप्रियतेचं मूळ आहे. एके काळी बाळंतिणीच्या खोलीत संध्याकाळी शेगडी यायची. गोवरीच्या निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वेखंड पडायचं आणि खोली धुरानं भरायची. बाळाला न्हाऊमाखू घालून धुरी दिली, की घराला आपण काहीतरी केल्याचं समाधान मिळायचं. डॉक्टरांनी सांगितलं, धूर बाळाच्या फुप्फुसांना वाईट. सुनांनी ते उचलून धरलं, शेगडी गेली. पण नव्यानं आईबाप झालेल्या माणसांची संध्याकाळची घालमेल कुठे गेली नाही. रात्रीचे अडीच वाजलेत, बाळ घुरघुरतंय, काय करावं कळत नाही, आणि तान्ह्या बाळाच्या नाकाची घुरघुर बहुतेक वेळा आपोआप कमी होते हे वाक्य ऐकायला कोणी तयार नाही. अशा वेळी एक बटण असतं. ते दाबलं की काहीतरी बाहेर पडतं, ढगासारखं वर जातं, निळं होतं, हिरवं होतं. सासूबाईंच्या हातात निखाऱ्यांचा चिमटा होता, सूनबाईंच्या हातात चार्जरची वायर आहे. दोघींमध्ये धुरीवरून जे वाद झाले त्यांत दोघीही बाळासाठी भांडत होत्या, आणि दोघींनाही खोलीत काहीतरी तरंगताना दिसायला हवं होतं.

वर्षातले काही आठवडे मात्र यंत्राच्या बाजूनं साक्ष देतात, हेही मान्य करायला हवं. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत मुंबईत वारा जमिनीकडून वाहतो. समुद्राकडचा वारा यायला उशीर झाला की दुपारी सांताक्रूझची आर्द्रता तीस-चाळीस टक्क्यांवर येते, कधी त्याहूनही खाली. राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या बोरिवलीत आणि मुलुंडला पहाटे चांगला गारवा असतो. याच सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला पारा ७.४ अंशांवर उतरला होता, तो उपनगरांचा आजवरचा विक्रम. या दिवसांत बाळाचे गाल खरखरीत होतात, आईचे ओठ फाटतात, आजोबांच्या पायाला भेगा पडतात. त्या दुपारी यंत्र लावलं तर वावगं काही नाही. दाराशी ओला पंचा वाळत टाकला तरी तेच होतं, आणि खोबरेल तेल त्याआधीपासून घरात असतंच. अडचण एवढीच की यंत्राची खरेदी बाळाच्या जन्मतारखेवर ठरते, वाऱ्याच्या दिशेवर नाही. जूनमध्ये जन्मलेल्या बाळाचं यंत्र जूनमध्येच येतं आणि जानेवारी उजाडेपर्यंत त्याच्या चकतीवर क्षारांची खपली बसून ते धुकं सोडायचं थांबलेलं असतं. फक्त दिवा लागतो. बाळ आता सहा-सात महिन्यांचं, बसायला लागलेलं. त्याला तो दिवा दिसतो, आवडतो आणि तोंडात घालावासा वाटतो.

एखाद्या घरात अखेर कोणीतरी शहाणपण करून आर्द्रता मोजायचं लहान घड्याळ आणतं. दोन-तीनशे रुपयांना मिळतं, पडद्यावर तापमान, टक्के आणि कोपऱ्यात एक चेहरा दाखवतं. टक्के मनासारखे असले की चेहरा हसरा, कमी-जास्त झाले की रडका. पहिले चार दिवस घरात त्याचं कौतुक होतं. आजोबांनी रक्तदाबाच्या वहीतच एक नवा रकाना आखलेला असतो. सकाळी ८६, दुपारी ८१, पाहुणे गेल्यावर ८९. ह्युमिडिफायर कधी बंद झाला ते कोणाला आठवतही नाही, आकड्यांनीच त्याला बंद केलेलं असतं. चेहरा मात्र जून संपला तरी रडकाच, जुलै संपला तरी रडकाच. आजी दोन आठवडे काही बोलत नाहीत. मग एका सकाळी घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं सापडतं आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, “तान्ह्या बाळासमोर दिवसभर कसलं ते रडकं तोंड! गणपती झाले की बघू.”